ओढ कुठून येते

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेवर एक निबंध प्रसिद्ध केला. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना या झुडपाच्या मुळ्यांपासून केलेलं औषध दिलं तर दाब उतरतो, हे त्यांनी रीतसर नोंदींनिशी दाखवलं होतं. वेड, निद्रानाश, सर्पदंश अशा नाना कारणांसाठी आपल्याकडचे वैद्य ही मुळी पूर्वापार वापरत आले होते. कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच तिच्या गुणांविषयी लिहिलंही होतं. तरी पाश्चात्त्य वैद्यकाने तिची खरी दखल घेतली ती वकिलांच्या निबंधानंतर. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं आणि काही वर्षांतच ते जगभरच्या दवाखान्यांत पोचलं.

रेसर्पिनने रक्तदाब उतरायचा, मनोरुग्णालयातले प्रक्षुब्ध रुग्ण निवायचे. पण काही जणांच्या बाबतीत हे निवणं फार पुढे जायचं. हालचाल मंदावायची, कशात रस उरायचा नाही. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात अर्विड कार्लसन या औषधाच्या परिणामांचा माग काढत होते. १९५७ मध्ये त्यांनी सशांना रेसर्पिन टोचलं. ससे जागच्या जागी निपचित झाले. मग त्यांना डोपा नावाचं द्रव्य टोचलं, आणि थोड्याच वेळात तेच ससे उठून हिंडूफिरू लागले. डोपापासून शरीर डोपामिन बनवतं. तोपर्यंत डोपामिन म्हणजे दुसरं एक रसायन तयार होण्याच्या वाटेवरचा टप्पा, एवढीच त्याची ओळख होती. मेंदूतल्या पेशींना एकमेकींना निरोप द्यायला डोपामिन स्वतःच लागतं, हे कार्लसन यांनी दाखवलं. या कामासाठी २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. सशांना उठवणारं हे डोपा खाजकुयलीच्या बियांत भरपूर असतं. मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच ते त्या बियांतून वेगळं केलं होतं. डोपामिनचा साठा रिकामा करणारी एक वनस्पती आणि तो भरून देणारी दुसरी, दोन्ही आपल्या ओळखीच्या. मला ही जोडी फार विलक्षण वाटते.

पण निपचित पडलेल्या सशांचं नेमकं काय गेलं होतं? पाय हलवण्याची ताकद? सुख घेण्याची क्षमता? की काही हवंसं वाटणंच? मेंदूविज्ञान गेली सत्तर वर्षं या प्रश्नाशी झुंजतं आहे, आणि त्यातून हाती आलेलं उत्तर आपण स्वतःकडे आणि इतरांकडे ज्या नजरेने पाहतो तिलाच हात घालतं.

कार्लसन यांच्या सशांच्या चार वर्षं आधी कॅनडात, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात, जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर हे दोघे तरुण संशोधक उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवत होते. जागेपणाशी संबंध असलेल्या एका भागाला विजेचा हलका झटका दिला की उंदीर कसा वागतो, हे त्यांना पाहायचं होतं. एका उंदराच्या मेंदूत तार ठरल्या जागी न बसता भलतीकडेच, सेप्टम नावाच्या भागाजवळ गेली. तो उंदीर ज्या कोपऱ्यात असताना वीज मिळाली होती त्याच कोपऱ्याकडे पुन्हा पुन्हा जाऊ लागला. मग दोघांनी अशी सोय केली की उंदराने कळ दाबली की त्याच्याच मेंदूत क्षणभर वीज जावी. उंदरांनी कळ दाबण्याचा सपाटा लावला. मेंदूतल्या काही जागी तार असली तर तासाला हजार-दोन हजार वेळा. पायांना झटके देणारी जाळी ओलांडूनही ते कळीपाशी जात. पुढे झालेल्या प्रयोगांत अन्न आणि कळ यांतलं एकच निवडायची वेळ आणली, तेव्हा काही उंदरांनी उपाशी राहून कळ दाबत राहणं पत्करलं.

हा शोधनिबंध १९५४ मध्ये आला. दोन वर्षांनी ओल्ड्स यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लेख लिहिला, त्यात या जागांना सुखकेंद्रं म्हटलं होतं. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि पुढची तीस वर्षं संशोधनही त्याच नावाच्या मागे चाललं. उंदीर इतक्या हट्टाने कळ दाबतो आहे म्हणजे त्याला सुख मिळत असणार, ही समजूत इतकी सहज होती की ती तपासून पाहावी असं फारसं कुणाला वाटलं नाही.

दरम्यान या जागांमधून जाणारी वाट हळूहळू स्पष्ट झाली. मेंदूच्या मध्यभागी, खालच्या बाजूला व्हेंट्रल टेगमेंटल एरिया नावाचा एक छोटा भाग आहे. त्याला व्हीटीए म्हणतात. शेजारीच सबस्टॅन्शिया नायग्रा हा काळसर पट्टा आहे. डोपामिन बनवणाऱ्या बहुतेक पेशी या दोन भागांत असतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, त्यांतल्या मध्यमेंदूतल्या डोपामिनवाल्या जेमतेम चार ते सहा लाख. पण एकेका पेशीचे धागे फार लांबवर आणि फार दाट पसरलेले असतात. व्हीटीएमधले धागे मुख्यतः पुढे न्यूक्लियस अॅक्युम्बन्स या भागात जातात, काही कपाळामागच्या प्रमस्तिष्काच्या पुढच्या भागापर्यंत पोचतात, काही भीतीशी जोडलेल्या अमिग्डालापर्यंत. ओल्ड्सच्या उंदरांवर कळ दाबण्याची सक्ती करणारी वीज या ना त्या मार्गाने याच जाळ्याला जाऊन भिडत होती. हे तंत्र आजही वापरात आहे. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात दादासाहेब कोकरे आणि निशिकांत सुभेदार यांच्या गटाने उंदरांना अशीच कळ देऊन कार्ट नावाच्या पेप्टाइडचा अभ्यास केला. ते पेप्टाइड व्हीटीएमध्ये सोडलं की उंदीर कळ अधिक वेळा दाबतात, आणि त्याला निष्प्रभ केलं की कमी वेळा.

डोपामिन म्हणजेच सुख, हे मत सर्वांत ठामपणे मांडलं ते माँट्रियलच्याच कॉन्कॉर्डिया विद्यापीठातल्या रॉय वाइज यांनी. डोपामिन अडवणारं औषध दिलं की उंदीर आवडीच्या अन्नासाठीही कळ दाबेनासे होतात, जणू अन्नातली गोडीच निघून जाते, असा त्यांचा १९८२ चा सिद्धांत होता. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांना तो पटत होता, आणि त्याचा थेट पुरावा मिळवण्याचं साधनही त्यांच्यापाशी होतं.

ते साधन म्हणजे चेहरा. तान्ह्या बाळाच्या जिभेवर साखरेचं पाणी ठेवलं की ते ओठ चाटतं. कडू थेंब ठेवला की तोंड वासतं, मान फिरवतं. उंदीरही जवळजवळ तेच करतो. जीभ किती वेळा बाहेर आली, तोंड किती वेळा वासलं, हे चित्रफितीवर मोजता येतं. म्हणजे प्राणी कळ दाबतो की नाही याच्यावर विसंबून न राहता, त्याला चव आवडली की नाही हे वेगळं पाहता येतं. बेरिज आणि त्यांचे सहकारी टेरी रॉबिन्सन यांनी एका विषारी द्रव्याने उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपूर्ण नाहीसं केलं. हे उंदीर समोर ढीगभर अन्न असूनही खात नव्हते, नळीने भरवलं नसतं तर उपासमारीने मेले असते. आता त्यांच्या जिभेवर साखरेचं पाणी सोडलं. वाइज यांच्या सिद्धांताप्रमाणे चेहरा कोरा राहायला हवा होता. पण उंदरांनी मिटक्या मारल्या, धडधाकट उंदरांइतक्याच. कडू पाण्याला तोंडही तसंच वासलं.

१९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष पचायला वेळ लागला. माझ्या मते या विषयातलं सर्वांत मोलाचं काम हेच. सुख घेण्याची क्षमता त्या उंदरांपाशी शाबूत होती. गेली होती ती सुखाकडे चार पावलं टाकण्याची ओढ. पुढे १९९५ मध्ये सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड पाल्मिटर यांच्या प्रयोगशाळेने जन्मतःच डोपामिन बनवू न शकणारी उंदराची पिल्लं तयार केली. काही आठवड्यांची झाली की ती खाणंपिणं थांबवत आणि मरत. तोंडात घास घातला तर मात्र गिळत. डोपा टोचलं की काही तास स्वतःहून खात. कार्लसनच्या सशांविषयीचं कोडं इथे बरंचसं सुटतं. वाइज यांनीही नंतर आपलं जुनं मत सोडून दिलं.

उलट बाजूचा पुरावाही मिळाला. मेंदूत डोपामिन जास्त काळ टिकून राहील अशी जनुकीय फेरफार केलेली उंदरं गोड पदार्थाकडे झपाट्याने धावतात, वाटेत रेंगाळत नाहीत. पण गोड जिभेवर पडल्यावरच्या त्यांच्या मिटक्या इतरांपेक्षा वाढत नाहीत. प्रत्यक्ष गोडी वाढवणाऱ्या जागा वेगळ्या निघाल्या. अॅक्युम्बन्समध्ये आणि व्हेंट्रल पॅलिडम नावाच्या भागात त्या आहेत, उंदराच्या मेंदूत जेमतेम एक घन मिलिमीटरच्या. तिथे डोपामिनचं फारसं चालत नाही. तिथली रसायनं शरीर स्वतः बनवतं ती अफूसारखी आणि गांज्यासारखी द्रव्यं आहेत. सुखाच्या जागा इतक्या लहान आणि नाजूक, आणि ओढीचं जाळं एवढं थोरलं, भक्कम. उत्क्रांतीला काय जास्त गरजेचं होतं ते यावरून लक्षात येतं.

ओढ आणि आवड इतक्या सुट्या होतात की ओढ आवडीच्या पुढेही धावू शकते. याचा एक प्रयोग मला फार आवडतो. मृत समुद्राइतकं खारट पाणी उंदरांच्या तोंडात सोडायचं आणि त्याच वेळी एक कळ भिंतीतून बाहेर काढायची. उंदीर या कळीपासून लांब पळायला शिकले, आणि ते स्वाभाविकच होतं. मग एके दिवशी औषध देऊन त्यांच्या शरीरातलं मीठ कमी केलं. अशी निकड त्यांना जन्मात कधी आली नव्हती, आणि ते खारं पाणी गोड लागू शकतं हे त्यांनी कधी अनुभवलंही नव्हतं. तरी कळ बाहेर येताच ते तिच्यावर झडप घालू लागले, तिला चावू लागले. बेरिज यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये हा प्रयोग मांडला. ज्या गोष्टीची फक्त वाईट आठवण आहे तिची ओढ क्षणात निर्माण होते, कारण ओढ तयार करताना मेंदू आठवणीबरोबर शरीराची आजची अवस्थाही हिशेबात घेतो. सणाच्या जेवणानंतर श्रीखंडाची वाटी नकोशी वाटते, ती याच यंत्रणेची रोजची बाजू.

मग डोपामिनच्या पेशी नेमका कोणता निरोप पाठवतात? स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबोर विद्यापीठात वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मेंदूतल्या एकेका डोपामिन पेशीचे ठोके ऐकत होते. त्यांना शोध घ्यायचा होता तो हालचालींचा. पेशी हालचालींना फारसा प्रतिसाद देत नव्हत्या. पण माकडाला फळाच्या रसाचा घोट अनपेक्षित मिळाला की ठोके भराभर पडायचे. मग दिवा लागल्यानंतर ठरावीक वेळाने रस मिळू लागला. माकडाला ते कळलं तसे ठोके रसाकडून दिव्याकडे सरकले. रस मिळताना आता काहीच होत नव्हतं. आणि एखाद्या वेळी दिवा लागूनही रस दिला नाही, तर जो क्षण रसाचा होता त्याच क्षणी पेशी गप्प व्हायच्या.

म्हणजे पेशी रसाविषयी बोलतच नव्हत्या. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की वर, कमी मिळालं की खाली, ठरल्याप्रमाणे मिळालं की जिथल्या तिथे. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे मांडलं तेव्हा गणिताच्या लोकांना हे ठोके ओळखीचे वाटले. रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी यंत्रांना अनुभवातून शिकवण्यासाठी जे सूत्र लिहिलं होतं, त्यातली चूक मोजणारी राशी अगदी अशीच वागते. त्या सूत्रांसाठी दोघांना २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. संगणकासाठी कागदावर मांडलेली राशी माकडाच्या मेंदूत जिवंत सापडावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं. शुल्ट्झ यांच्याच गटाने पुढे आणखी एक गोष्ट दाखवली: रस मिळण्याची शक्यता निम्मी असेल, म्हणजे अनिश्चितता सर्वाधिक असेल, तर दिवा लागल्यापासून निकाल लागेपर्यंत काही डोपामिन पेशींचे ठोके चढत जातात. आकडा लावणारा माणूस निकालाच्या वाटेकडे डोळे लावून बसतो, तेव्हा त्याला बांधून ठेवण्यात या चढणीचा हात असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

आता नकोशा गोष्टींकडे वळू. डोपामिनचे ठोके थांबतात, पण ते थांबवतं कोण? मेंदूच्या आत खोल, थॅलॅमसच्या मागच्या टोकावर हॅबेन्युला नावाची एक जोडी आहे, माणसात प्रत्येक बाजूची ज्वारीच्या दाण्याएवढी. ती माशांतही सापडते, इतकी जुनी आहे. बराच काळ तिच्याकडे कुणाचं विशेष लक्ष नव्हतं. २००७ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथे मासायुकी मात्सुमोतो आणि ओकिहिदे हिकोसाका यांनी माकडांना असा खेळ दिला की एका बाजूला नजर नेली तर रस मिळतो, दुसऱ्या बाजूला नाही. रस न मिळणारी खूण दिसली की हॅबेन्युलाच्या बाहेरच्या भागातल्या पेशी उसळायच्या, आणि लगोलग डोपामिनच्या पेशी दबायच्या. हॅबेन्युलाला वीज दिली तरी तेच व्हायचं. निराशेची खबर देणारी वेगळी पेशीच मेंदूने ठेवली आहे. ती डोपामिनला थेट गप्प करत नाही; मध्ये एक छोटा गट आहे, त्याला चेतवते आणि तो डोपामिनच्या पेशींवर रोखणारं रसायन सोडतो.

प्रकाशाने पेशी चालू-बंद करण्याचं तंत्र हाती आल्यावर, म्हणजे २००५ नंतर, हे धागे एकेक करून ओढून पाहता आले. स्टॅनफर्डमध्ये श्टेफान लामेल आणि रॉबर्ट मलेंका यांनी २०१२ मध्ये दाखवलं की व्हीटीएमध्ये येणारा एक धागा चेतवला तर उंदीर त्या खोलीत रमतो, आणि हॅबेन्युलाकडून येणारा चेतवला तर ती खोली टाळतो. आणखी महत्त्वाचं म्हणजे दोन्ही धागे वेगवेगळ्या डोपामिन पेशींना जाऊन मिळतात. ‘डोपामिन वाढलं’ किंवा ‘डोपामिन घटलं’ असं आपण सहज बोलून जातो, तेव्हा कुठल्या पेशींतलं आणि कुठे पोचणारं, हे विचारायला हवं. डोपामिनचा उपास करा म्हणून सांगणाऱ्या चित्रफिती हल्ली फार फिरतात; त्यांत हा प्रश्न कधी आलेला मी पाहिला नाही.

ओढ आणि धास्ती यांच्या जागा मात्र कायमच्या आखून दिलेल्या नाहीत. बेरिज यांच्याच प्रयोगशाळेत अॅक्युम्बन्सच्या बाहेरच्या थरात एका औषधाचा सूक्ष्म थेंब सोडला गेला. थेंब पुढच्या टोकाला पडला तर उंदीर अधाशासारखा खाऊ लागे. मागच्या टोकाला पडला तर तो समोरचा भुसा पुढच्या पायांनी ढकलू लागे. साप किंवा विंचू समोर आला की रानातले उंदीर माती अशीच उडवतात. मधल्या जागी दोन्हींचं मिश्रण. आता तोच प्रयोग कर्कश संगीत आणि झगझगीत उजेडात केला, तर भीतीचा पट्टा पुढे सरकला. आदल्या दिवशी जिथे थेंब पडल्यावर भूक लागत होती तिथेच आता भीती उपजली. शांत, अंधाऱ्या, ओळखीच्या पिंजऱ्यात उलट झालं, ओढीचा पट्टा मागे पसरला. पेशी त्याच, औषध तेच. भोवतालच्या वातावरणाने त्यांचं काम बदललं. ज्या घरात सतत आरडाओरडा असतो तिथल्या मुलाला अभ्यासाची गोडी का लागत नाही, असा प्रश्न पडला की मला हा प्रयोग आठवतो. उंदरावरून मुलाविषयी थेट निष्कर्ष काढणं बरोबर नाही, पण कुठे पाहायचं ते यातून कळतं.

ओढ असली तरी कष्ट उपसण्याची तयारी आणखी वेगळी. कनेटिकट विद्यापीठातल्या जॉन सॅलमोन यांनी उंदरांना दोन वाटा दिल्या. एकीच्या टोकाला थोडं अन्न, वाट मोकळी. दुसरीच्या टोकाला दुप्पट अन्न, पण मध्ये उंच जाळी चढून जायची. धडधाकट उंदीर जाळी चढतात. अॅक्युम्बन्समधलं डोपामिन कमी केलेले उंदीर सोप्या वाटेने जातात आणि थोडक्यावर भागवतात. त्यांना जाळी चढता येत नाही असं नाही. सोप्या वाटेवर काहीच ठेवलं नाही तर तेही चढतात. जाळी काढून टाकली तर जास्तीचं अन्नही निवडतात. जास्त हवं हे त्यांना कळतं, पायात बळही असतं. कष्ट आणि मोबदला यांचा हिशेब करणारा काटा तेवढा झुकलेला असतो. ‘याला करायचंच नाही, मनात आणलं तर करेल’ हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येतं. मनात आणण्यासाठीसुद्धा मेंदूत काही शिल्लक असावं लागतं, हे या उंदरांनी दाखवून दिलं आहे.

माणसात हे सर्वांत उघड दिसतं ते पार्किन्सनच्या आजारात. सबस्टॅन्शिया नायग्रातल्या डोपामिन पेशी मरत जातात. व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांनी १९६० मध्ये अशा मेंदूंत डोपामिन फार कमी असल्याचं दाखवलं आणि पुढच्याच वर्षी रुग्णांना डोपा देऊन पाहिलं गेलं. कंप आणि ताठरपणा सर्वांना दिसतो, पण अनेक रुग्णांचा उत्साहही आटतो. घरचे त्याला म्हातारपण किंवा रुसवा समजतात. यावर दिली जाणारी काही औषधं पेशींवरच्या, डोपामिनचा निरोप घेणाऱ्या ग्राहकांना (रिसेप्टर्सना) थेट चेतवतात, आणि तिथे यंत्रणेची दुसरी बाजू उघडी पडते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३,०९० रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत जुगार, बेसुमार खरेदी, अति खाणं किंवा लैंगिक अतिरेक यांपैकी काही ना काही १३.६ टक्के रुग्णांत आढळलं. अशी औषधं घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के होतं, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. आयुष्यभर पत्त्यांना हात न लावलेला माणूस साठीनंतर जुगारात पैसे घालवू लागतो आणि गोळी बदलली किंवा कमी केली की बहुधा सावरतो. अशा घरात सर्वांत आधी रुग्णाच्या चारित्र्यावर बोट ठेवलं जातं. औषध लिहून देताना डॉक्टरांनी हे घरच्यांना सांगायलाच हवं, आणि घरच्यांनीही न लाजता विचारायला हवं.

व्यसनातही ओढ आवडीला मागे टाकून पुढे जाते. कोकेन डोपामिनला पेशीत परत जाऊ देत नाही. निकोटिन व्हीटीएतल्या पेशींना चेतवतं. अफूवर्गीय द्रव्यं त्या पेशींचा लगाम सैल करतात. रॉबिन्सन आणि बेरिज यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार वारंवार वापराने ओढीचं जाळं अतिसंवेदनशील होतं आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं, मजा मात्र वाढत नाही, उलट कमीच होते. ही संवेदनशीलता पदार्थाच्या खुणांना चिकटते. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, त्यांतले बहुतेक मळलेली तंबाखू, मिश्री, खर्रा अशा धूरविरहित रूपात. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, तरी टपरीवरच्या लटकत्या पुड्यांची माळ, चुन्याची डबी, जेवणानंतरची ती ठरलेली वेळ या खुणा कुठेच गेलेल्या नाहीत. सोडलेला माणूस सहा महिन्यांनी त्या पुडीसमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्या मेंदूत शुल्ट्झच्या माकडाचा दिवा लागलेला असतो. तंबाखूत आता काही मजा उरली नाही, असं तोच तुम्हाला सांगेल, आणि ते खरंच असतं.

नैराश्यात हॅबेन्युलाची गोष्ट पुन्हा महत्त्वाची ठरते. २०१८ मध्ये चीनमध्ये हांगझोऊच्या जेजियांग विद्यापीठातल्या हू हायलान यांच्या गटाने नैराश्यसदृश अवस्थेतल्या उंदरांमध्ये बाहेरच्या हॅबेन्युलातल्या पेशी झुपक्याझुपक्याने ठोके देताना पाहिल्या. केटामिन हे औषध दिल्यावर ते झुपके थांबले आणि उंदीर काही तासांत पुन्हा वागू-वावरू लागले. केटामिन माणसातही काही तासांत परिणाम दाखवतं, आणि त्याच्या एका रूपाला अमेरिकेत २०१९ मध्ये नैराश्यावरचा नाकातला फवारा म्हणून परवानगी मिळाली. माणसात हे नेमकं याच मार्गाने घडतं की नाही, यावर अजून काम चालू आहे.

औषधाशिवायही या यंत्रणेपर्यंत पोचण्याचे प्रयत्न आहेत, आणि त्यांतला एक आपल्या शेजारी, गोव्यात झाला. नैराश्यातला माणूस इच्छा होण्याची वाट पाहत बसतो आणि ती होत नाही. म्हणून इच्छेची वाट न पाहता छोटी, ठरवून दिलेली कामं आधी सुरू करायची, अशी एक उपचारपद्धत आहे. शेजाऱ्याकडे चहाला जाणं, सकाळी विहिरीपर्यंत चालत जाणं, इतकी साधी कामं. ‘संगथ’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर ती तपासली. मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत ती राबवली. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे सुधारित उपचार मिळालेल्यांमध्ये ३९ टक्के. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. कुणाच्या मेंदूत तार बसवलेली नव्हती, त्यामुळे कुठल्या पेशींनी काय केलं ते या अभ्यासाने मोजलं नाही. पण त्याच रुग्णांना वर्षानंतर पुन्हा तपासलं तेव्हा फरक टिकून होता, आणि त्याचा निम्म्याहून अधिक भाग तीन महिन्यांपर्यंत रुग्ण पुन्हा किती कामाला लागले होते यावरून समजावता येत होता.